विहाराकडची पाच पोती

हॅलो? … कोण? … जरा मोठ्यानं बोला, इथं मिक्सर सुरू हाये. … करिष्मा, बंद कर वं ते. चटणी कुठं पळून नाही चालली. … हं. कोण बोलून राह्यलं?

… अवं सिंधू होय. नंबर कोणाचा हा? … मॅडमचा. म्हणजे पोचले तुम्ही. टेम्पो नीट गेला नं? त्या देवानंदले मी तीनदा सांगतलं का गड्डे पाहून चालव बाप्पा, मांगं सोयाबीन नाही, पुस्तकं हायेत. … उतरवले? सगळे एकवीस पोते? … वा. काय म्हणते मंग मॅडम? खुश झाली अशीन.

झुंबरबाई खुर्चीत नीट बसल्या. कौतुक ऐकायचं तर पाठ टेकून ऐकावं, असा त्यांचा शिरस्ता. खामगावला निराधार मुलींचं एक वसतिगृह आहे; या मॅडम तिथल्या अधीक्षक. तिथल्या पोरींना परीक्षांचा अभ्यास करायला पुस्तकं हवी होती, म्हणून उंद्रीच्या बचत गटाच्या बाया घरोघरी पुस्तकं मागत फिरल्या. गटाच्या अध्यक्ष झुंबरबाई. स्वतः दोन यत्ता शिकलेल्या, पण कोणाच्या फळीवर काय धूळ खात पडलंय हे गावात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. "वाचत नाही, कोणाले देत नाही, मंग काय लोणचं घालतं का पुस्तकाचं?" असं तोंडावर विचारून त्यांनी सरपंचाच्या घरातूनसुद्धा दोन पोती काढली होती. आठ दिवस सगळा माल त्यांच्याच घरी जमा होत होता. आज सकाळी टेम्पो गेला. सोबत सिंधूताई गेल्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. दुपारी चार वाजता तिथं कार्यक्रम होता आणि त्यात झुंबरबाईंना शाल-नारळ मिळणार होतं.

हाव, निघतोच आता आम्ही. हर्षलचे बाबा दाढी करून राह्यले. त्यायची दाढी म्हणजे रान वखरल्यावाणी, एकदा इकडून, एकदा तिकडून … काय? … काय म्हणतं? आवाज तुटला मधीच.

… ओले? काय ओले?

… पुस्तकं कशी ओली होतीन वं? मे महिना सुरू हाये. विहिरीले पाणी नाही, पुस्तकाले कुठून येईन. … हाव, हाव … अवं ऐक नं. टेम्पोतच काही झालं अशीन. देवानंद पाण्याचा कॅन ठेवते मांगं. त्याचं झाकण ढिलं, त्याच्या डोक्यासारखंच. … कॅन समोर होता? तुह्या पायापाशी? … बरं. मंग नसन कॅनचं.

… किती पोते म्हणाली? … पाच.

पाच म्हटल्यावर झुंबरबाईंची पाठ खुर्चीपासून सुटली. कोणती पाच, हे त्यांनी विचारलं नाही. पण फोनवर न विचारलेलंही ऐकू जातं, हे त्यांना उशिरा कळलं.

… आं? … नाही, इचारलं नाही मी. कोणतेही असोत, ओले ते ओले. … निळ्या सुतळीनं शिवलेले. हाव, तूच शिवले होते तोंडं, दाभण माह्याच घरून नेलं होतं. … सगळे तुमच्या आळीचे? पाचही? … असतीन एकाजागी ठेवलेले, म्हून भिजले असतीन. पाह्य, आमच्या गोठ्यावरची टाकी गळते. मी ह्यायले कवाची सांगून राह्यली का …

… हं?

… हाव. गोठ्यात होते.

… अवं ओसरीवर जागा नाही पुरली, सिंधू. सोळा पोते म्हणजे काय थोडे झाले? पाय ठेवाले जागा नव्हती. … तुमचे पहिल्या दिवशी आले? … हाव, आले असतीन पहिल्याच दिवशी. … नाही, तवा मोकळी होती ओसरी. तू म्हणतं ते बरोबर हाये. … मले आता ध्यानात नाही कोणी कुठं ठेवले. ज्ञानेश्वरनं ठेवले असतीन. त्याले कुठी एवढी अक्कल, जिथं सावली दिसली तिथं टाकते सामान.

ज्ञानेश्वर त्यांच्या घरचा सालदार गडी. त्याच्या अकलेचा इथं काही संबंध नव्हता. विहाराकडच्या, सिंधूताईंच्या आळीतून पहिलं पोतं आलं तेव्हा त्यानं ते ओसरीच्या पहिल्या पायरीवर टेकवलं होतं. झुंबरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता नुसता हात हलवला, इकडं नको, तिकडं. तोंडातून शब्द काढावा लागला नाही. या घरात तो कधी लागतच नसे.

… टाकी नाही? … काढली म्हणतं? तुले कसं माहीत? … हाव. माणिकरावनंच उतरवली होती दिवाळीत. इसरलीच मी. तुह्या नवऱ्यानं अशी अलगद उतरवली का छपराचं कवेलू हललं नाही. … बरं, मंग टाकीचं नसन. गाईचं वासरू लय वांड हाये. त्यानं बादली पाडली अशीन. … वरूनच ओले? अन् खाली? … खाली कोरडे ठणठणीत.

… ताडपत्री मीच झाकली होती. चांगल्या मनानं झाकली, धूळ बसू नये म्हून. … वाफ धरली? … हाव, उन्हाची ताडपत्री तापते. अन् खाली ओलं असलं का … हाव. … बुरशी. कशी, हिरवी का काळी?

… नाही, हसाले नाही इचारलं. मले सुचून नाही राह्यलं, म्हून इचारलं.

सून करिष्मा दारातून डोकावली. झुंबरबाईंनी तिला डोळ्यांनीच मागं सारलं. एरवी त्या फोनवर बोलायच्या तर चार घरं पलीकडं ऐकू जायचं. आता त्या ओच्यात तोंड घालून बोलल्यासारख्या बोलत होत्या.

… संघपालचे? तुह्या संघपालचे पण त्याच्यातच होते? … मले वाटलं त्याचे त्यानं बुलढाण्याले नेले असतीन, नोकरी लागल्यावर. … सगळे देले? वह्या पण? … हाव, माहीत हाये मले, चार वर्षं रातभर लाइट दिसे तुमच्या खिडकीत. मीच म्हणे, हा पोरगा पोस्टात साहेब होते नाहीतं डोळे घालवते.

… शाई फुटली.

… काहीच नाही लागत का वाचाले? एखादं पान? … बरं. … परीक्षा कवा हाये पोरीयची? … जूनमधी. म्हणजे आलीच.

… सिंधू, ऐक नं. पुस्तकं मी नवीन घेऊन देते. हर्षलले सांगते, तो कम्प्युटरवर मांगवते, दोन दिवसात दारात. … हाव. वह्या नाही भेटत दुकानात. … हाव, हातानं लिहिलेल्या. ते मले समजते बाई, मी अडाणी हाये, येडी नाही.

… एक इचारू का? तू आज मले तुम्ही काऊन म्हणून राह्यली?

… नाही, मघापासून म्हणतं. तुम्ही ठेवले, तुम्ही झाकले. गटाच्या पहिल्या बैठकीपासून आपण अगं-तुगं करतो. … मॅडम जवळ हाये म्हून? … मॅडम खाली गेली म्हणतं, अन् तरी तुम्ही.

… काय चिकटलं?

… कव्हरले? … पान. असन कोणतं तरी. गोठ्याजवळ बाभूळ हाये, लिंब हाये, काय पानाले तोटा हाये का …

… तुळशीचं.

स्वयंपाकघरात मिक्सर पुन्हा सुरू झाला आणि या वेळी झुंबरबाईंनी बंद कर म्हटलं नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्या या घरात आल्या, तेव्हापासून विहाराकडून काही आलं की ते आधी गोठ्यात जायचं. नेलेलं सूप परत येवो, वाट्याचे हरभरे येवोत, कोणी मायेनं पाठवलेले पेरू येवोत. आधी गोठा, मग तांब्याभर पाणी आणि तुळशीची डहाळी, मग घर. सासूनं कधी का ते सांगितलं नाही, यांनी कधी विचारलं नाही. सासू जाऊन पंधरा वर्षं झाली. मधल्या काळात याच झुंबरबाईंनी सिंधूताईंच्या शेजारी बसून गटाच्या कागदावर पहिल्यांदा सही केली. अंगठा नको, असा हट्ट धरून सिंधूताईंनीच ती त्यांच्याकडून आठ दिवस गिरवून घेतली होती. मान वाकडी करून 'झुं' काढताना त्यांना घाम फुटायचा. आणि गेल्या आठवड्यात पाचही पोत्यांवर पाणी शिंपडताना त्याच हाताला काही वाटलं नव्हतं.

… हाव.

… हाव, मीच.

… थोडंसंच, चार थेंब. … नाही. खोटं कायले बोलू आता. तांब्याभर. एकेका पोत्यावर तांब्याभर. दोन पोते आले तवा घाईत होती, म्हून सरळ ओतलं.

… काऊन म्हणजे? … सिंधू, काऊन हे मले सांगता येत नाही. सकाळी उठून उंबऱ्याले पाणी घालतो, तसंच ते. हात करते. डोकं त्याच्यात नसते.

… नाही, तसं नाही म्हणत मी. हात माहाच हाये. … सासूचं नाव नाही घेत. तिची लाकडं मसणात जाऊन पंधरा वर्षं झाले, तांब्या माह्या हातात होता.

… हाव. हर्षल तुह्याच मांडीवर वाढला. तीन वर्षं अंगणवाडीत तूच खाऊ घातलं, तूच नाक पुसलं. मी कधी नाही म्हणली नाही. म्हणली का? पोरगं घरी आलं का तुह्येच गाणे म्हणे …

… काय?

… ते नको इचारू नं.

… सिंधू, तीस वर्षं झाले त्याले.

… हाव. सासू शिंपडे त्याच्यावर. दारातच. तो हसे, त्याले वाटे खेळ हाये. … मी? मी पाह्यत होती.

झुंबरबाईंच्या जिभेला गावात सगळे भ्यायचे. ग्रामसेवकाला त्यांनी एकदा भर सभेत खुर्चीवरून उठवलं होतं. आता तोंडात आलं ते एकच, आणि तेही त्यांनी सत्कार हुकेल या धाकानंच विचारलं.

… मॅडमले समजलं का हे? … बरं. मंग भिजले कसे म्हून तू काय सांगतलं?

… तुह्या बाटलीचं पाणी सांडलं म्हून?

… पाच पोत्यायवर? एका बाटलीनं? … अन् त्यायनं मानलं? … काय बोलल्या? … पोरीयसमोर?

… अवं तुह्या वयाच्या बाईले असं … हाव, त्यायचं पण बरोबर हाये, त्यायले वाटलं तू हयगय केली. पण तू काऊन अंगावर घेतलं? माह्यं नाव सांगाचं नं सरळ. मी काय त्या मॅडमले भेतो का?

… माह्यासाठी नाही घेतलं. … बरं. मंग कोणासाठी?

सिंधूताई बोलत राहिल्या आणि झुंबरबाई ऐकत राहिल्या. नुसतं "हं" म्हणत होत्या, तेही आतल्या आत.

… हं. … अर्ध्या पोरी तुमच्याच समाजाच्या हायेत तिथं. … हं. … त्यायनं इचारलं असतं पाणी काऊन टाकलं. … नाही. त्यायनं कायले ऐकावं हे. ज्यायले माय नाही, बाप नाही, त्यायले अजून हे. … हाव, बरोबर केलं तू. … तुले लाज वाटली सांगाले? तुले काऊन वं? लाज माही हाये.

… मंग असं करते. चार वाजता माइक माह्याच हातात येईन. त्याच्यावर सांगते. सगळ्यायसमोर सांगते अन् तुह्या पाया पडते. मंग तं झालं?

… नाही?

… काऊन नाही? मी पाया पडाले तयार हाये, सिंधू. माह्या सासूच्या सोडून कोणाच्या पाया नाही पडली मी.

… हं. … पोरी समोरच बसल्या असतीन. हाव. … माह्यं मन मोकळं होईन अन् ते त्यायच्या डोक्यावर जाऊन बसन. … हे नाही आलं माह्या ध्यानात. … नाही, राग नाही आला. कोण्या तोंडानं येईन.

… मंग मी काय करू, तूच सांग. … तुमचं तुम्ही पाहा. असं बोलू नको वं. शिव्या दे पाह्यजे तं. चांगल्या दे, मी पण देतो नं लोकायले. … देत नाही. बरं.

… मॅडम आल्या का वर? … दे त्यायले फोन. … पोरीयच्या कानावर नाही जाऊ देत, तुही शप्पथ. तुह्यावरचं बोलणं तेवढं काढू दे. … दे नं सिंधू.

… सिंधू?

फोन हातातून हातात गेल्याचा खडखडाट झाला. सिंधूताईंनी ठेवते, येते, काही म्हटलं नाही. झुंबरबाईंनी पदर डोक्यावर घेतला, समोर कोणी नसताना. घसा साफ केला आणि शहरी माणसाशी बोलायची त्यांची वेगळी भाषा बाहेर काढली.

हॅलो, नमस्कार मॅडम. मी झुंबरबाई बोलते, उंद्रीहून. … हो, हो. अजून निघालो नाही. … शाल? कोणत्या पण रंगाची चालते मॅडम. … मॅडम, मुली जवळ आहेत का तुमच्या? … मग जरा बाजूला येता का? … जिन्यात चालेल. … आलात?

ते पाण्याचं बोलायचं होतं. … नाही, त्यांच्या बाटलीचं नाही ते. सिंधूनं काही नाही केलं. ते माझ्या घरी झालं, माझ्या हातानं. … हो, माझ्याच. तिला बोलू नका, ती उगाच अंगावर घेऊन राह्यली.

… कोणाचं मन मोठं?

… नाही, नाही. मी तिला झाकत नाही मॅडम. … अहो खरंच मीच … काय? … भाषणात सांगता? काय सांगता? … आमची दोघींची मैत्री?

दारात त्यांचे यजमान उत्तमराव उभे होते. ताजी दाढी, पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. कानात मॅडम कौतुक करत होत्या. अशी माणसं आता गावात राहिली नाहीत, दुसऱ्याची चूक कोण आपल्यावर घेतं, पोरींना तुमचं उदाहरण देते मी. आयुष्यभर झुंबरबाईंनी ज्या शब्दांची वाट पाहिली, ते एकामागून एक येत होते. नुसतं गप्प बसायचं होतं. सिंधूताईंवरचा आळ मात्र तसाच राहिला असता. पुढचं कोणी विचारतही नव्हतं.

मॅडम. … मॅडम, थांबा. माह्यं ऐका.

ते पाणी सांडलं नाही. शिंपडलं.

… हो. मुद्दाम. … नाही, सगळ्या पोत्यायवर नाही. विहाराकडून आलेल्या पाचच. … बाकीचे सोळा ओसरीवर होते.

… हॅलो? … मॅडम, हायेत नं?

फोन चालू होता. जिन्यात वरून कोणी पोरगी धावत गेली, तिच्या चपलांचा आवाज आला आणि विरला. मग मॅडम बोलायला लागल्या. आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. उत्तमरावांनी खुणेनं विचारलं, काय म्हणतात? झुंबरबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

… हो.

… हो मॅडम.

… नाही, सिंधूनं नाही सांगतलं मले असं बोलाले. … हो. … पोरीयले नाही समजणार माह्याकडून. … हो, मले पण नातनी हायेत.

… समजलं. … नाही, वाईट नाही वाटून घेत. तुम्ही बरोबर बोलून राह्यल्या. … बरं. नाही येत मी.

फोन तिकडूनच बंद झाला. झुंबरबाईंनी तो तसाच कानाला धरून ठेवला आणि मधूनमधून "हो, हो" म्हणत राहिल्या. खाली ठेवला असता, तर दारात उभ्या असलेल्या माणसाला काय झालं ते सांगावं लागलं असतं.